जनुक म्हणजे प्रारब्ध नव्हे : कर्करोग, हृदयविकार आणि धाराशिवच्या महिलांनी जगाला दिलेला धडा

"आईला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता, म्हणजे तो माझ्याही रक्तात असणार का?" "आमच्या घराण्यातच हार्ट अटॅक आहे, आता कोण काय करणार?" असे प्रश्न वस्तीतल्या आरोग्य शिबिरात आणि विहारातल्या बैठकीत आपल्याला वारंवार ऐकायला मिळतात. अलीकडे त्यात मोबाईलवरून फिरणाऱ्या बातम्यांची भर पडली आहे. कर्करोगाचे जनुक सापडले, हृदयविकाराचे जनुक सापडले, अशा मथळ्यांमुळे जनुक म्हणजे जन्मतःच कपाळावर लिहिलेली अक्षरे, असा समज तरुणांमध्येही पसरत चालला आहे.

आपल्या प्रतिकारशक्तीची काही जनुके कर्करोगाचा आणि हृदयविकाराचा धोका कमी-जास्त करतात, हे खरे आहे. पण तो किती कमी-जास्त होतो आणि माणूस जगणार की मरणार हे शेवटी कशावर ठरते, हे समजून घ्यायचे तर त्याचा जगातला एक मोठा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजार ७४६ महिलांनी तो दिला आहे. जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत 'उस्मानाबाद' हे नाव त्यांच्यामुळे गेले. जिल्ह्यातल्या बहुतेक तरुणांना मात्र याची माहिती नाही. म्हणून हा लेख.

प्रतिकारशक्तीची जनुके करतात काय?

आपल्या शरीरातील जवळपास प्रत्येक पेशी सतत एक काम करत असते. आत जी प्रथिने तयार होतात, त्यांचे बारीक तुकडे ती आपल्या पृष्ठभागावर आणून मांडते. रक्तातल्या 'टी' पेशी फिरता फिरता हे तुकडे तपासतात. तुकडा शरीराचाच असेल तर त्या पुढे जातात. विषाणूचा किंवा बिघडलेल्या पेशीचा तुकडा दिसला तर ती पेशी नष्ट केली जाते. हे तुकडे धरून दाखवणाऱ्या रेणूंना एचएलए म्हणतात. त्यांची जनुके आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एकाच भागात दाटीने असतात.

फ्रान्सचे ज्याँ दोसे यांनी १९५८ मध्ये या रेणूंपैकी पहिला ओळखला. त्यासाठी १९८० मध्ये त्यांना दोन शास्त्रज्ञांसह नोबेल मिळाले. हे रेणू विषाणू ओळखण्यात नेमके काय काम करतात हे दाखवणाऱ्या पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांना १९९६ चे नोबेल मिळाले.

एचएलए जनुकांइतकी विविधता माणसाच्या दुसऱ्या कुठल्याच जनुकांत नाही. आजवर त्यांचे तीस हजारांहून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत. प्रत्येक प्रकाराची पकड वेगळी असते. एखादा प्रकार एका विषाणूचा तुकडा घट्ट धरतो, तर दुसऱ्या विषाणूचा तुकडा त्याच्या हातून निसटतो. त्यामुळे एकाच घरातल्या दोन बहिणींपैकी एकीचे शरीर एखादा संसर्ग लवकर हटवते आणि दुसरीला वेळ लागतो. सगळ्याच आजारांवर 'चांगला' ठरेल असा एकही एचएलए प्रकार नाही. एका ठिकाणी जो उपयोगी, तोच दुसऱ्या ठिकाणी अडचणीचा ठरू शकतो. समाजात हे अनेक प्रकार टिकून राहिल्याने साथीच्या रोगांमध्ये माणसाला जात म्हणून तगायला मदत झाली असावी.

विषाणू, जनुक आणि पिशवीच्या तोंडाचा कर्करोग

गर्भाशयमुखाचा, म्हणजे बोलीभाषेत पिशवीच्या तोंडाचा कर्करोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. हा विषाणू अगदी सर्वत्र आढळतो. लैंगिक संबंध सुरू झाल्यावर बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात केव्हा ना केव्हा गाठतो. यात चारित्र्याचा काही प्रश्न नाही. एकच जोडीदार असलेल्या बाईलाही तो होऊ शकतो. हे मुद्दाम सांगायचे कारण असे की लाजेपोटी तपासणी टाळणाऱ्या महिला आजही आपल्या घराघरांत आहेत.

विषाणू शिरलेल्या बहुतेक महिलांचे शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हटवून टाकते. थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडून बसतो. त्यातल्याही काहींच्या पेशींत बदल होऊ लागतात आणि त्यातल्या काहींना दहा ते वीस वर्षांनी कर्करोग होतो. एचएलए जनुकांचे काम इथे येते. त्यांचे काही प्रकार विषाणूचा तुकडा नीट दाखवतात, काही तितके नीट दाखवत नाहीत.

स्वीडनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रुग्ण आणि निरोगी महिलांची पूर्ण जनुकीय तपासणी केली गेली. तेव्हा धोक्याशी जोडलेल्या ठळक जागा याच एचएलए भागात निघाल्या. काही प्रकारांमुळे धोका सव्वा ते दीडपटीपर्यंत वाढलेला दिसला, तर एका प्रकारामुळे तो साधारण एक तृतीयांशाने कमी झालेला दिसला.

'दीडपट' हा शब्द ऐकून घाबरायला होते. पण साधा हिशोब करून पाहू. समजा एखाद्या गावात हजार महिलांपैकी दहा जणींना हा रोग होण्याची शक्यता आहे. दीडपट म्हणजे ती पंधरा झाली. म्हणजे धोक्याचे जनुक असलेल्या हजारांपैकी ९८५ जणींना तो होणारच नाही, आणि ते जनुक नसलेल्यांपैकीही दहा जणींना होईल. जनुक तपासून कुणाला रोग होणार हे सांगता येत नाही, ते यामुळेच. शिवाय तंबाखू, वारंवारची बाळंतपणे आणि एचआयव्ही या गोष्टीही विषाणूला ठाण मांडायला मदत करतात. एचआयव्हीसह जगणाऱ्या महिलांमध्ये हा धोका सुमारे सहापट असतो. जनुकाच्या दीडपटीसमोर ही सहापट ठेवून पाहावी.

धाराशिवच्या गावांत काय घडले

ग्रामीण भारतात किती जणांना कर्करोग होतो याची नीट नोंदच १९८७ पर्यंत नव्हती. त्या वर्षी बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि आपल्या जिल्ह्यातील परंडा व भूम अशा तीन तालुक्यांतली ३४६ गावे तिच्यात घेतली होती. शहरात रुग्णालयांच्या कागदांवरून नोंद करता येते. खेड्यातला माणूस रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हता, म्हणून इथे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांना भेटत, लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीला आणत. महिलांमध्ये पिशवीच्या तोंडाचा कर्करोग सर्वांत जास्त आहे, हे या नोंदींतून पुढे आले. नुसत्या प्रबोधनाने महिला रोगाच्या आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागतात, हेही १९९० च्या दशकात इथेच दिसून आले.

या पायावर ऑक्टोबर १९९९ मध्ये मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधील कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. जिल्ह्यातील गावांचे ५२ समूह करण्यात आले. ३० ते ५९ वयाच्या निरोगी महिलांचे चार गट झाले. एका गटाची एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली आणि दुसऱ्याची पॅप स्मिअर. तिसऱ्या गटात गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाचा द्राव लावून पांढरे डाग दिसतात का, ते डोळ्यांनी पाहिले गेले. चौथ्या गटाला त्या काळी गावात जी सेवा होती तीच मिळाली. म्हणजे तपासणी झाली नाही.

तपासणी आयुष्यात एकदाच झाली. दोष आढळलेल्या महिलांवर पुढील उपचार करण्यात आले. मग आठ वर्षे सगळ्यांवर लक्ष ठेवले गेले. २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४ हजार १२६ महिला होत्या. त्यांच्यापैकी १२७ जणींना कर्करोग आढळला, त्यात पुढच्या टप्प्याला गेलेला ३९ जणींना, आणि मृत्यू झाले ३४. तपासणी न झालेल्या गटात ३१ हजार ४८८ महिला होत्या. तिथे कर्करोग ११८ जणींना, त्यातला पुढच्या टप्प्याचा ८२ जणींना आणि मृत्यू ६४.

हे आकडे नीट वाचले पाहिजेत. तपासणीच्या गटात कर्करोग जास्त 'सापडला', कारण शोधला गेला. पण तो लवकर सापडला, म्हणून मृत्यूचा धोका जवळपास निम्म्यावर आला. पॅप स्मिअर आणि आम्लाच्या तपासणीच्या गटांत एकदाच्या तपासणीने मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. मुंबईतील झोपडपट्ट्यांत मात्र, जेमतेम दहावी शिकलेल्या महिलांना प्रशिक्षण देऊन हीच आम्लाची तपासणी दर दोन वर्षांनी केली गेली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

या महिलांपैकी कुणाचे एचएलए जनुक 'चांगले' आणि कुणाचे 'वाईट', हे पाहून गट पाडलेले नव्हते. सगळ्या प्रकारची जनुके सगळ्या गटांत विखुरलेली होती. एचपीव्ही तपासणी झालेल्या आणि काहीच तपासणी न झालेल्या गटांत फरक होता तो एका तपासणीचा आणि तिच्यामागून मिळालेल्या उपचाराचा. म्हणजे जनुकांनी धोका दीडपटीच्या आत वरखाली होतो, आणि एका तपासणीने मृत्यू निम्म्यावर येतो. हा धडा जागतिक आरोग्य संघटनेने मानला. या अभ्यासासह जगभरचा पुरावा पाहून २०२१ च्या मार्गदर्शनात एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती देण्यात आली. तिशीपासून दर पाच ते दहा वर्षांनी ती करावी, आणि एचआयव्हीसह जगणाऱ्या महिलांनी पंचविशीपासून दर तीन ते पाच वर्षांनी, अशी ती शिफारस आहे.

तुलनेच्या गटातील महिलांचे काय?

अभ्यासाचा गौरव करताना एक प्रश्न टाळून चालणार नाही. तपासणी न झालेल्या गटात ६४ महिला दगावल्या. तपासणीने जीव वाचतात हे पाश्चात्त्य देशांत आधीच माहीत असताना इथल्या हजारो गरीब महिलांना तपासणीविना का ठेवले, असा आक्षेप पुढे घेतला गेला. उस्मानाबाद, मुंबई आणि तामिळनाडूतील दिंडिगल अशा तिन्ही ठिकाणच्या अभ्यासांवर 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये यावरून वाद झाला. संशोधकांच्या बाजूने उत्तर असे होते की त्या वेळी देशात तपासणीचा सरकारी कार्यक्रमच नव्हता. त्यामुळे या महिलांकडून काही काढून घेतले गेले नाही, आणि पुराव्याशिवाय सरकार कार्यक्रम सुरू करणार नव्हते.

आमच्या मते दोन्ही बाजू समजून घेतल्या तरी एक गोष्ट उरते. पुरावा मिळाला तो आपल्या आयाबहिणींच्या जिवावर. मग त्या पुराव्याचा पहिला लाभ त्यांच्याच गावांना मिळायला हवा होता. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात ३० ते ४९ वयाच्या महिलांपैकी जेमतेम दोन टक्के महिलांची ही तपासणी कधी तरी झाली होती. ज्या जिल्ह्याने जगाला उत्तर दिले, त्या जिल्ह्यातल्या बाईलाही आज ती तपासणी आपोआप मिळत नाही, मागावी लागते.

लसीच्या बाबतीतही बार्शीचे नाव येते. २००९ मध्ये सुरू झालेल्या एचपीव्ही लसीच्या देशव्यापी अभ्यासाचे बार्शी हे एक केंद्र होते. आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्याच प्रकल्पात मुलींच्या मृत्यूंवरून वाद झाला आणि २०१० मध्ये सरकारने अशा सगळ्या अभ्यासांतले लसीकरण थांबवले. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे आढळले नाही. पण वसतिगृहातील मुलींची संमती नीट घेतली गेली नव्हती, हे समोर आले. लसीकरण मध्येच थांबल्याने अनेक मुलींना एकच मात्रा मिळाली. पुढे दहा वर्षे त्यांच्याकडे लक्ष ठेवल्यावर दिसले की एक मात्राही विषाणूच्या १६ आणि १८ या मुख्य प्रकारांच्या चिवट संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण देते. जगात एका मात्रेची शिफारस झाली त्यामागे या मुलींचाही वाटा आहे. लस काम करते ती प्रतिकारशक्तीला विषाणूची ओळख आधीच करून देऊन. एचएलए जनुक कोणतेही असो, बहुतेक सर्व मुलींमध्ये ती परिणामकारक ठरते.

हृदयविकारातही हाच हिशोब

हृदयाचा प्रतिकारशक्तीशी काय संबंध, असे वाटेल. दोन उदाहरणे पाहू.

पहिले संधिवाताच्या तापाचे. लहान मुलांचा घसा एका जिवाणूमुळे दुखतो. बहुतेक मुले बरी होतात. काहींमध्ये मात्र जिवाणूशी लढणारी प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर चालून जाते, कारण जिवाणूची काही प्रथिने हृदयाच्या प्रथिनांसारखी दिसतात. ही चूक कुणाच्या शरीरात होईल यात एचएलए भागातील जनुकांचा हात असतो, हे दक्षिण आशियाई लोकांवरील अभ्यासातही दिसले आहे. पण हा आजार श्रीमंत देशांतून जवळपास नाहीसा झाला, तो जनुके बदलून नव्हे. घरे मोकळी झाली, घसादुखीवर वेळेत पेनिसिलिन मिळू लागले. एका खोलीत आठ माणसे झोपणाऱ्या वस्तीत तो अजून आहे. ज्या मुलांच्या झडपांवर सुरुवातीचा परिणाम झाला होता, अशा ८१८ मुलांवर युगांडात अभ्यास झाला. दर महिन्याला पेनिसिलिनचे इंजेक्शन मिळालेल्या मुलांमध्ये दोन वर्षांत आजार वाढला तो फक्त ०.८ टक्के मुलांत, इंजेक्शन न मिळालेल्यांत ८.२ टक्के. हे इंजेक्शन स्वस्त आणि जुने आहे.

दुसरे उदाहरण हार्ट अटॅकचे. धमनीत चरबी साठते एवढ्यावर अटॅक येत नाही, त्या जागी दाह सुरू असावा लागतो. हा दाह पेटवणाऱ्या निरोपांपैकी एक म्हणजे इंटरल्यूकिन-६. तो निरोप घेणाऱ्या जनुकाचा एक प्रकार काही लोकांत असतो. त्यांच्यात निरोपाचा जोर थोडा कमी पडतो. २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या दोन अभ्यासांत अशा जनुकाच्या प्रत्येक प्रतीमागे हृदयविकाराचा धोका साधारण ३ ते ५ टक्क्यांनी कमी दिसला. फरक खरा आहे, पण लहान आहे.

यातूनच दाह कमी करणाऱ्या औषधांचा विचार पुढे गेला. आधी अटॅक येऊन गेलेल्या १० हजार ६१ रुग्णांवरील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. इंटरल्यूकिन-१ या दुसऱ्या निरोपाला अडवणाऱ्या औषधाने पुढचे अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. विशेष म्हणजे फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाणही कमी झालेले दिसले. कर्करोग आणि हृदयविकार हे दोन वेगळे शत्रू नसून दाहाच्या एका धाग्याने बांधलेले असू शकतात, अशी शक्यता त्यातून पुढे आली; ती सिद्ध झालेली नाही. मात्र प्रतिकारशक्ती दाबल्याने जीवघेणे संसर्गही वाढले, आणि औषध अतिशय महाग. म्हणून ते हृदयरोगासाठी वापरात आले नाही.

याच्या शेजारी २००४ चा ५२ देशांतील अभ्यास ठेवा. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील चरबी, पोटाचा घेर, ताणतणाव, भाज्या-फळांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि दारू या नऊ गोष्टींशी हार्ट अटॅकचा सुमारे ९० टक्के धोका जोडलेला आढळला. मिश्री आणि गुटखा सोडल्याने जेवढा फरक पडेल, तेवढा फरक पाडणारे प्रतिकारशक्तीचे जनुक अजून कुणाला सापडलेले नाही.

जात, जनुक आणि पूर्वकर्म

जनुकांची चर्चा आली की काही जण तिला लगेच जातीकडे वळवतात. म्हणून इथे स्पष्ट बोलू. एचएलएचे प्रकार जातीजातींत कमी-जास्त प्रमाणात असू शकतात, पण एका जातीच्याच मालकीचा आणि आजाराचा असा प्रकार नाही. प्रमाणात हा फरक पडला तरी का? बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात, जातीचे मूळ लक्षण म्हणजे जातीतच लग्न, असे मांडले होते. २०१३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी जनुकांवरून दाखवले की या देशातले लोक सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात मोठ्या प्रमाणात एकमेकांत मिसळत होते, आणि पुढे हे मिसळणे थांबले. म्हणजे आज दिसणारा फरक निसर्गाने उभारलेला नाही, लग्नाच्या भिंतींनी उभारलेला आहे.

दुसरा मुद्दा नशिबाचा. कर्करोग झालेल्या बाईला "मागच्या जन्मीचे भोग" असे ऐकवले जाते. संयुत्तनिकायातील मोळियसीवक सुत्तात सीवक परिव्राजक हाच प्रश्न तथागतांना विचारतो. माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्माचे फळ, असे काही जण म्हणतात, ते बरोबर आहे का? तथागत पित्त, कफ, वात, त्यांचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, राहणीतील हेळसांड, बाहेरचा आघात अशी कारणे मोजून दाखवतात आणि सगळेच पूर्वकर्मामुळे असे म्हणणे चूक आहे, असे सांगतात. एका परिणामामागे अनेक कारणे असतात, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार आजच्या आरोग्यशास्त्राला परका नाही. पूर्वकर्माच्या सिद्धांताने गरिबांच्या हालाखीची जबाबदारी समाजावरून आणि सरकारवरून उतरते, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दाखवून दिले. आज 'जनुकातच आहे' हे वाक्य तेच काम करू लागले आहे. पूर्वकर्माच्या जागी जनुक आले, आणि दवाखान्यात तपासणी का नाही हा प्रश्न पुन्हा बाजूला पडला.

भीतीचा बाजार

तपासणी नसते तिथे भीती विकली जाते. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रकार २०१९ मध्ये उघड झाला. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ८२ हजारांवर महिलांची माहिती घेतली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेक महिलांना "पिशवीचा कॅन्सर होईल" अशी भीती घातली गेली होती. खाडा पडला की मजुरी कापली जाते, म्हणून त्यांनीही ते मान्य केले. एचपीव्ही तपासणी हाताशी असती तर यातल्या कित्येक शस्त्रक्रियांची गरजच पडली नसती. पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे आणि तपासणीविना पिशवी काढणे हा उपचार नव्हे, हे प्रत्येक ऊसतोड मुकादमाच्या टोळीपर्यंत पोहोचले पाहिजे.

शहरात हीच भीती वेगळ्या रूपात विकली जाते. थुंकीचा नमुना पाठवा, आम्ही कर्करोगाचा आणि हृदयविकाराचा धोका सांगतो, अशा जाहिराती दिसतात. असे अंदाज ज्या अभ्यासांवर बांधलेले असतात, त्यांतले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे आहेत. भारतीयांच्या दहा हजार जनुकसंचांची माहिती 'जिनोम इंडिया' प्रकल्पातून संशोधकांना खुली झाली ती जानेवारी २०२५ मध्ये. म्हणून निरोगी माणसाने अशा चाचणीवर हजारो रुपये घालवू नयेत. जवळच्या नात्यात अनेकांना कमी वयात स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे एकेका जनुकाचा परिणाम खरोखर मोठा असतो आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने जनुक तपासणी जरूर करावी.

आपण काय करू शकतो

युवक मंडळे, महिला मंडळे आणि विहार समित्यांनी पुढील कामे हाती घ्यावीत, असे आम्ही सुचवतो.

एक : वस्तीतील तिशीवरील महिलांची यादी करावी. आशाताई आणि आरोग्यसेविकेला सोबत घेऊन त्यांची गर्भाशयमुख, स्तन आणि तोंड यांची तपासणी, रक्तदाब व साखर यांसह, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात करून घ्यावी. तिशीवरील सर्वांसाठी ही तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या महिलांची तपासणी टोळ्या निघण्याआधी व्हावी.

दोन : एचपीव्ही तपासणीची सोय जिल्ह्यात सर्वत्र करावी, असे निवेदन ग्रामसभेच्या ठरावासह जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावे. निवेदनात वरचे उस्मानाबाद अभ्यासाचे आकडे जरूर घालावेत. ते आपले आकडे आहेत.

तीन : किशोरवयीन मुलींच्या पालकांशी एचपीव्ही लसीबद्दल बोलावे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या भारतीय लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली आहे. ती सरकारी केंद्रात कधी आणि कुणाला मिळते हे आशाताईंना विचारावे. लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच आहे.

चार : शाळकरी मुलांचा ताप आणि एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात सरकणारी सूज अंगावर काढू देऊ नये. दवाखान्यात डॉक्टरांना हृदय तपासायला सांगावे. पेनिसिलिनची इंजेक्शने लिहून दिली असतील तर एकही चुकवू नये.

पाच : रोग निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोग आणि हृदयाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड तयार ठेवावे. रुग्णासोबत लिहिता-वाचता येणारा एक कार्यकर्ता जावा. पहिल्या दिवशी कागद पूर्ण असले की पुढचे हेलपाटे वाचतात.

सहा : कुठल्याही अभ्यासासाठी रक्त किंवा नमुना मागितला तर नकार देऊ नये आणि डोळे झाकून सहीही करू नये. अभ्यास कशाचा आहे, आपण कोणत्या गटात आहोत, आपल्याला उपचार मिळणार का आणि निष्कर्ष गावाला कळवणार का, हे चार प्रश्न मराठीत विचारून लेखी उत्तर घ्यावे.

प्रतिकारशक्तीची जनुके आपल्याला आईवडिलांकडून मिळतात आणि ती बदलणे आपल्या हाती नाही. तपासणी, लस, पेनिसिलिन आणि तंबाखूमुक्त वस्ती मात्र संघटित प्रयत्नाने मिळवता येते. धाराशिवच्या महिलांनी त्यासाठी लागणारा पुरावा २००९ मध्येच देऊन ठेवला आहे. तो घेऊन आरोग्य केंद्राच्या दारात जाणे हे आता आपले काम आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.